एका क्रियापदाचे त्रेसष्ट कागद

दशरथ केळसकर एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात होते. एवढ्या काळात आपल्या हातून एकही फाइल अपुऱ्या कागदांनिशी बंद झाली नाही, असं ते स्वतः सांगत. कागदांची वाट बघत किती फायली उघड्याच राहिल्या, तो आकडा ते सांगत नसत. निवृत्त झाल्यावर गिरगावची खोली सोडून ते भाईंदर पूर्वेला, गोडदेवात, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. बरोबर बायको मनोरमा आणि मुलगी निशिगंधा. हाताशी पूर्ण करायला एकही फाइल नाही.

ती त्र्याण्णवच्या श्रावणात आपणहून चालत आली.

निशिगंधा स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात टायपिस्ट होती. टेम्पररी. दर अकरा महिन्यांनी शेठ तिला आठ दिवस घरी बसवायचे आणि नवव्या दिवशी पुन्हा नव्यानं कामावर घ्यायचे, म्हणजे कायम करायची भानगड नको. असं तीनदा झालं होतं. शेठचं नाव जितेंद्रभाई. त्यांना पत्रापत्रीतून मेक्सिकोचं एक गिऱ्हाईक लागलं होतं. दोन भावांची पेढी होती. इंग्रजीत पत्रं लिहायचा तो धाकटा, आणि नोव्हेंबरात माल बघायला येणार होता तो थोरला, ज्याला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं.

मुंबईचा दुभाषा आणायला शेठ तयार नव्हते. "बाहेरचा माणूस आपला भाव दुसऱ्याला जाऊन सांगणार," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी निशिगंधाला केबिनमध्ये बोलावलं.

"निशी, तू इंग्लिश शिकली ने? तसं हे पण शिकून टाक. मेहमानशी बोललीस तर एक्सपोर्टचं टेबल तुझं, एकदम परमनंट. नाय जमलं तर मला मुंबईची कोणी मुलगी घ्यावी लागेल. पछी मला बोलायचं नाय."

रात्रीच्या जेवणाला निशिगंधानं हे सांगितलं, तेव्हा दशरथरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मी शिकवतो."

"तुम्हाला स्पॅनिश येतं?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"रेकॉर्ड तरी कुठं येत होतं? नेमणूक झाली, मग आलं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोर्टच्या फुटपाथवरून विटेएवढा जाड इंग्रजी-स्पॅनिश कोश आणला. कोश पुढून वाचायचा की मागून, यावर त्यांनी एक दिवस विचार केला आणि दोन्ही बाद ठरवलं. कचेरीत नवीन कपाट लावायचं तर सगळ्यात जाड फाइल आधी काढायची, बारक्या आपोआप जागेवर बसतात, हा त्यांचा अनुभव. म्हणून त्यांनी मुलीला विचारलं, "तुझा शेठ इंग्रजी बोलतो तेव्हा कोणता शब्द जास्त वापरतो?"

"गेट," निशिगंधा क्षणात म्हणाली. "गेट मी द फाइल. गेट इट डन. गेट टी. आय डोन्ट गेट यू. आणि रागावले की गेट लॉस्ट."

दशरथरावांनी कोशात 'गेट' काढला. साडेतीन पानं, मुंगीएवढी अक्षरं. कोशातला तोच सगळ्यात लठ्ठ निघाला. इंग्रजांनी एका शब्दाच्या डोक्यावर सगळ्या संसाराचं ओझं दिलं होतं. मिळवणं गेट, आणणं गेट, पोचणं गेट, समजणं गेट. उठणं, चढणं, उतरणं, भिजणं, दमणं, चिडणं, आजारी पडणं, लग्न करणं, म्हातारं होणं, सगळं गेट. स्पॅनिश माणसं त्या मानानं शिस्तीची. त्यांनी प्रत्येक कामाला वेगळा इसम नेमलेला. दशरथरावांना ती जात फार आवडली.

त्यांनी मोजलं. त्रेसष्ट अर्थ. पाहुणा यायला दिवस राहिले होते सदुसष्ट. रोज एक अर्थ आणि चार दिवस उजळणी. त्यांच्या मते हा योगायोग नव्हता.

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्या कापून कोऱ्या बाजूला त्यांनी एकेक अर्थ उतरवला. वर इंग्रजी, खाली स्पॅनिश, कोपऱ्यात क्रमांक. पलीकडच्या बाजूला कुणाचा गणपती, कुणाची अर्धी सनई. आजचा कागद स्वयंपाकघरात खिळ्याला लटकायचा आणि तो शब्द वापरल्याशिवाय चहा मिळायचा नाही. 'उठणे'च्या दिवशी निशिगंधाला साडेपाचला उठवलं गेलं. 'भिजणे' शिकवायला त्यांनी तिला बादली घेऊन गच्चीवर बोलावलं, तेव्हा मनोरमाबाई आडव्या आल्या.

"पोरीला नोकरीला लावायचंय, न्युमोनियाला नाही. आणि काय हो, तीन आठवडे झाले, अजून एकच शब्द?"

"एक नाही. एकवीस अर्थ."

"ताटाला काय म्हणतात ते आलं का तिला?"

"ताट ही वस्तू आहे. वस्तू पुढल्या वर्षी."

"पाहुणा या वर्षी येतोय!"

दशरथरावांनी बाविसावा कागद खिळ्याला लावला. पूर्ण न झालेल्या फाइलीवर चर्चा करायची नाही, हा जुना नियम.

अडचण उच्चारांची होती. कोशातल्या खुणा त्यांना लागेनात. मग कुणीतरी समुद्रकाठच्या डोंगरी गावातल्या पास्कूकाकांचं नाव सुचवलं. पास्कूकाका वीस वर्षं मालाच्या बोटीवर खलाशी होते आणि स्पॅनिश बोलणाऱ्या बंदरांतून फिरले होते. एका रविवारी दशरथराव कागदांची पिशवी घेऊन बसनं डोंगरीला गेले. पास्कूकाका अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. पहिलाच कागद ऐकून ते हसत सुटले.

"लेगार न्हाय मास्तर, येगार! दोन एल आले का य बोलाचा. आन ज दिसला का ह. आन ह दिसला का गप ऱ्हाचा."

"गप?"

"गप. ह्यो लिवाचा, बोलाचा न्हाय."

दशरथरावांनी हे टिपून घेतलं. लिहिलेलं असूनही न बोलायचं अक्षर त्यांना सरकारी वाटलं, आणि पसंत पडलं.

सगळे कागद ऐकून झाल्यावर पास्कूकाका म्हणाले, "ह्या समदा हाय बेस. पन मास्तर, पोरीला सामानाची नावा कंदी शिकवशील? मी तिथं उतरलो तवा पयला शिकलो पाव, मासली, दारू. नावा नसली तं मानूस भुका मरल."

"पुढल्या वर्षी," दशरथराव म्हणाले आणि पिशवीचे बंद आवळले.

गोडदेवात तेव्हा पाणी एक दिवसाआड यायचं. 'येगार', म्हणजे येऊन पोचणे, हा शब्द निशिगंधा नळावर शिकली. नळ सुटला की ती जिन्यातून ओरडायची, "येगार!" आठवड्यात अख्खा मजला तसं म्हणायला लागला. शेजारची सलोनी तर पाणी नाही आलं की "नो येगार" असं ठसक्यात सांगायची. दशरथरावांनी ही प्रगती स्वतःच्या नावावर जमा केली.

नोव्हेंबरच्या मध्यात, एका गुरुवारी, पेढीचे थोरले भाऊ सेन्योर ओचोआ कारखान्यात आले. मोठ्या अंगाचा, घामाघूम माणूस, हातात कोट. दशरथराव शेठची परवानगी काढून आले होते. डब्यांच्या थप्पीमागे खुर्ची टाकून, मांडीवर त्रेसष्ट कागद क्रमानं लावून ते बसले. अडलं की मागून कागद द्यायचा, असं ठरलेलं.

पहिला तास बरा गेला, कारण कारखान्यात सगळी नामं समोर मांडलेली होती. पाहुण्यानं ताटाकडे बोट केलं, निशिगंधा म्हणाली, "कोम्प्रार?" विकत घेणे. पाहुण्यानं मान डोलावली. तिनं डबा उचलला, "त्राएर?" आणू का? तो म्हणाला, "सी, सी." नाव घ्यायची गरजच पडत नव्हती. क्रियापद ती बोलायची, वस्तू हात बोलायचा. थप्पीमागे दशरथरावांची मान हळूहळू ताठ होत गेली.

मग पाहुण्यानं सहाशे ताटं आणि हजार डब्यांचा आकडा कागदावर लिहिला, त्यापुढे चोवीस डिसेंबर लिहिलं आणि प्रश्नार्थक चेहऱ्यानं म्हणाला, "येगार?"

एवढं शेठनाही कळलं. जितेंद्रभाईंच्या तोंडात 'नाही' हा शब्द गिऱ्हाइकासमोर आजवर आला नव्हता. "बोल ने निशी, हो! डिसेंबर पक्का!"

निशिगंधा हळूच म्हणाली, "शेठ, बोटीलाच दीड महिना लागतो. आणि ताटांचं पॉलिश अजून व्हायचंय."

"ते आपण पछी बघू ने! नंतर कारण देऊन टाकू. पोर्टवर स्ट्राइक, पॉलिशवाले गावाला गेले, पत्रा नाय मिळाला. हमेशा तेच करतो. तू फक्त हो बोल."

तिनं पॉलिश न झालेलं एक ताट शेठसमोर धरलं.

"बरं, हो नको तर आत्ताच कारण बोल! काय पण बोल!"

निशिगंधानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की कारण देता येत नाही. कारणाला बंदर लागतं, संप लागतो, पत्रा लागतो, गाव लागतं. यातलं काहीच आपल्याकडे नाही. ते सगळं पुढल्या वर्षी होतं.

थप्पीमागून भराभर कागद यायला लागले. दशरथरावांनी जवळपासचं जे सापडेल ते पुढं केलं. तिनं घाबरून वाचलं, "मोहार्से... एन्फेर्मार्से... कान्सार्से..." भिजणे, आजारी पडणे, दमणे. पाहुणा ताडकन उठला, आपली खुर्ची तिला दिली आणि खिशातला रुमालही. मग कागदाची पाठ बघून, त्यावरच्या गणपतीला काळजीनं नमस्कार केला.

"काका," शेठ थप्पीकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही पोरीला आजारी पाडली!"

दशरथरावांच्या हातात आता चौतिसावा कागद होता, 'चिडणे'. तो त्यांनी खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्या कपाटातली चूक त्यांना बाहेरच्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसत होती. मनोरमा तिसऱ्या आठवड्यात म्हणाली होती. पास्कूही म्हणाला होता. आणि फळ भोगायला पोरगी उभी होती.

निशिगंधानं मात्र सगळे कागद टेबलावर उलटे ठेवले. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चोवीस डिसेंबरवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "नो येगार."

शेठनी डोळे मिटून घेतले.

तिनं पेन घेतलं, कॅलेंडरच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर वीस जानेवारी लिहिलं. "येगार." मग डब्यांवर हात ठेवला, ते तयार होते, पण बोट त्यांनाही तेवढीच. "नो येगार." ताटांवर, "नो येगार." सगळ्यांना मिळून वीस जानेवारी. "येगार."

पाहुण्यानं ती तारीख स्वतःच्या बोटानं पुन्हा दाखवली, तिनं मान डोलावली. मग त्यानं लांबलचक काहीतरी सांगितलं, त्यातला 'एन्तेन्देर'सारखा, म्हणजे समजल्याचा, एकच शब्द तिला लागला. त्यानं कागद ओढला, सहाशेवर काट मारून तीनशे केले, हजारावर मारून पाचशे, आणि तारीख वीस जानेवारी. नाताळची विक्री हुकली होती, तो माल दुसरीकडून घेणार हे उघड होतं. सहीखाली त्यानं निशिगंधाला तिचं नाव लिहायला लावलं.

गाडी काशीमीऱ्याच्या बाजूला वळेपर्यंत शेठ हसत हात हलवत होते. वळल्यावर म्हणाले, "अर्धी ऑर्डर गेली. काका, मुलीला घेऊन घरी जा."

सोमवारी निशिगंधा कामावर गेली, कारण जाऊ नको असं कुणी स्पष्ट म्हटलं नव्हतं. शेठ तिच्याशी बोलत नव्हते. टायपिंगचे कागद शिपाई आणून ठेवायचा. घरी दशरथराव चहा न मागता बसून राहायचे. खिळा मोकळा होता. मनोरमाबाईंनी एकदाही 'मी म्हटलं नव्हतं का?' असं म्हटलं नाही, आणि दशरथरावांना तेच जास्त लागत होतं.

नवव्या दिवशी फॅक्स आला, धाकट्या भावाचा, इंग्रजीत. गेल्या दोन वर्षांत मुंबईतल्या चार व्यापाऱ्यांनी आमच्या थोरल्याला 'हो' सांगितलं आणि चौघांचा माल सण उलटून गेल्यावर पोचला, असं त्यात होतं. वीस जानेवारीला माल आला तर पुढची ऑर्डर चौपट. अट एकच, तारखा त्या मुलीनंच कळवायच्या.

शेठनी फॅक्स दोनदा वाचला. मग टेबलाच्या खणातून परमनंटचं पत्र स्वतः काढलं, स्वतः सही केली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "हे घे. पण मला सांगितल्याशिवाय कोणाला 'नाय' बोलायचं नाय हां."

पत्र बघून मनोरमाबाईंनी ते देवापुढं ठेवलं. दशरथरावांनी घसा साफ केला.

"आता पुढचा शब्द घेऊ. 'टेक.' मी पाहिलाय, सव्वातीन पानं आहेत."

"बाबा," निशिगंधा म्हणाली, "फोर्टला दर रविवारी क्लास असतो. मी नाव घालून आले. तिथं पहिल्या दिवशी ताट, वाटी, खुर्ची शिकवतात."

दशरथरावांनी कोश मिटून कपाटावर ठेवला आणि पोरीकडे न बघता विचारलं, "तिथं वयाची अट आहे का?"