मी सतरा नंबरचा पोहरा बोलतोय

"बोल, बोल" म्हणून डोकं खाल्लंत, तर आता ऐका. गोड बोलणं मला जमत नाही. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. मला अक्षर कळत नाही, पाणी कळतं.

मी प्रदूषण नियंत्रण खात्याचा पोहरा. स्टीलचा, दोराला बांधलेला. कारखान्यांनी सोडलेलं पाणी तपासायला काढायचं, हे माझं काम. पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं आणि बुडावर सतरा आकडा उमटवला. तेवढंच माझं बारसं.

मला हाताळायचे काका. खात्यातले साधे शिपाई, पण हात देवमाणसाचा. माझ्या दोराला त्यांनी हाताहातावर गाठी मारल्या. पाचवी गाठ दुहेरी, म्हणजे न बघता खोली कळावी. नमुना घेण्याआधी मला त्याच पाण्याने तीनदा विसळायचे, मोठ्याने मोजून. "आधीच्या कारखान्याचं पाप याच्या माथी नको," म्हणायचे.

एकदा रंगाच्या कारखान्यात गेलो. तिथल्या मॅनेजरला सगळे साखऱ्या म्हणायचे. बोलणं असं की मुंग्या लागाव्यात. आमच्या साहेबांना त्याने आत कॉफीला बसवलं. काका एकटेच नाल्यावर आले. एक, दोन, तीन विसळलं, नमुना भरला. लालभडक!

सुनावणीत साखऱ्या म्हणाला, "पाणी आमचं स्वच्छच आहे हो. खात्याचा पोहराच घाण होता."

आणि साहेबांनी, ज्यांनी नाला पाहिलाच नव्हता, 'पोहरा अस्वच्छ होता' या कागदावर सही ठोकली.

प्रकरण मिटलं. काकांना दाराशी स्टुलावर बसवलं. येणारा-जाणारा हसायचा, "काय काका, हात धुतलेत ना?" काका मान खाली घालायचे. मला भंगारात काढलं, तेव्हा साखऱ्या हसत म्हणाला, "आठवण म्हणून आम्हाला द्या की साहेब." साहेबांनी मला देऊन टाकलं. त्या दिवसापासून मी दात धरून होतो. मला दात नाहीत, पण कड आहे.

साखऱ्याने पुढे दाखवायला छान टाकी बांधली. खरं पाणी मात्र गोदामामागच्या पडक्या विहिरीत सोडायचा. विहीर किती भरली बघायला मला रोज तळापर्यंत सोडायचे. फुकटचा पोहरा, फेकवेना! तिथेच चुकला लेकाचा. मी गप्प राहून रंग प्यायलो. दोरालाही पाजला.

वर्षं गेली. काका निवृत्त झाले. मग एक दिवस खात्याच्या नव्या अधिकारी बाई तपासणीला आल्या. त्यांनी कॉफीला नाही म्हटलं. टाकीजवळ मी उपडा पडलो होतो. बाईंनी आकडा पाहिला, दोर हातात घेतला, पाचव्या गाठीवर थांबल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी स्टुलावरच्या काकांनीच त्यांना या गाठी शिकवल्या होत्या.

"टाकी किती खोल?"

"दोन हात, मॅडम."

"मग दोर नवव्या गाठीपर्यंत लाल कसा?"

साखऱ्याची साखर विरघळली. "जुना आहे हो. घाणच आहे तो."

"हो, तुम्ही सुनावणीत सांगितलंच होतंत. चला, कुठे मळला ते बघू."

एका कामगाराने नुसतं गोदामाकडे पाहिलं. पुरे झालं.

विहिरीवर बाईंनी मला सोडलं आणि साखऱ्याला म्हणाल्या, "विसळताना तुम्ही मोजा. मोठ्याने. नंतर तक्रार नको."

"एक..." तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही."

"एक! दोन! तीन!"

अहाहा! माझ्या पत्र्याला असा नाद कधी आला नव्हता. बाईंनी नमुना नव्या बाटलीत भरला, सील केलं आणि त्याचीच सही घेतली. महिन्याभरात कारखान्याची वीज तुटली, दाराला कुलूप लागलं. त्या कुलपाचा खटका मी कान देऊन ऐकला. दया? मला नाही आली. नाल्यातून नदीत गेलेल्या त्याच्या रंगाने नदीकाठच्या बाया हातपाय खाजवत होत्या, तेव्हा त्याला आली होती का?

आता मी खात्याच्या कपाटात पुरावा म्हणून बसलोय. बाईंनी काकांना बोलावून मला दाखवलं. काकांनी दुहेरी गाठ चाचपली आणि एवढंच म्हणाले, "धुतला होता हो मी."

ते मला माहीत आहे. बाईंना माहीत आहे. साखऱ्यानेही काकांपुढे हात जोडले. त्याचे जोडलेले हात मी पायपुसण्यालाही घेणार नाही. पण काकांच्या दारात जाऊन, चप्पल काढून, "चुकलो" म्हणायचं एका माणसाचं अजून राहिलंय. तो कोण, तेही ऐका: कॉफी पीत बसलेले आमचे साहेब.