तोंडातल्या टाचण्या

मित्रांनो, माझ्या अंगावरचे सुरुवातीचे आकडे झिजले आहेत, टोकाची पितळी पट्टी सैल झाली आहे आणि ताण सोसून सोसून मी बोटभर लांबले आहे. म्हणजे हल्ली मी धडधडीत खोटं बोलते! तरी शिवणवाल्या काकू मला सोडत नाहीत. मी त्यांची माप घ्यायची जुनी टेप.

कारखान्यातून निघाले तेव्हा पिवळीधमक होते. काकूंनी दुकान थाटलं तेव्हापासून दिवसभर त्यांच्या गळ्यात. किती खांदे, किती कंबरा मोजल्या, विचारू नका. कुणी पोट आत ओढून उभं राहायचं. मला कळायचं, पण मी कुणाचं गुपित फोडलं नाही. कपडा अंगावर बेतशीर बसला की लोक काकूंच्या हाताचं कौतुक करत. मला मात्र काकू संध्याकाळी चुरगळून डब्यात कोंबत. चालायचंच.

काकूंची खरी ख्याती वेगळीच होती. वयात येणाऱ्या मुली गणवेशाचं माप द्यायला आल्या की त्यांच्या आया हळूच म्हणत, "तुम्हीच सांगा हिला चार गोष्टी." मग काकू मुलीच्या पाठीमागे उभ्या राहून खांदा मोजता मोजता सहज बोलत. "खांदे पाडून कशाला उभी राहतेस गं? अंग वाढतंय, चोरी नाही केलीस!" मुली हसत घरी जात.

काकूंची स्वतःची लेक तिथेच बटणं लावत बसलेली असे. असं बोलणं निघालं की काकू म्हणत, "जा गं, पाणी घेऊन ये." गिऱ्हाईक गेल्यावर तिनं काही विचारलंच, तर त्या पटकन दोन टाचण्या ओठांत धरत. तोंडात टाचण्या असल्या की कसं बोलणार? सकाळी म्हणत, "मोठी झालीस की कळेल." संध्याकाळी, "एवढी घोडी झालीस, तरी कळत नाही?" बिचारीनं मोठं व्हावं तरी केव्हा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हळूहळू पोरगी गप्प झाली. दप्तर छातीशी धरून चालू लागली. गणवेश आखूड झाला तरी माप देईना. शेवटी काकूंनी नजरेनंच कापड बेतलं आणि गणवेश साफ चुकला. काकूंचा कपडा कधी चुकत नसे. मला फार वाईट वाटलं.

एका दुपारी शाळा सुटल्यावर ती दुकानात आली आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली. सगळे गेल्यावर पुढे झाली.

"काकू, माझं माप घ्या."

"हे काय नवीन थेर?"

"गिऱ्हाइकांशी बोलता ना तुम्ही? म्हणून गिऱ्हाईक होऊन आलेय."

काकूंचा हात सवयीनं टाचण्यांच्या उशीकडे गेला. दोन टाचण्या ओठांत गेल्याही. त्यांनी लेकीला पाठमोरं केलं आणि मला तिच्या खांद्यावर टेकवलं.

लेक भिंतीकडे बघतच म्हणाली, "वर्गातल्या सगळ्यांची पाळी सुरू झाली. माझीच नाही. माझ्यात काही बिघडलंय का?"

काकूंनी टाचण्या काढल्या.

"नाही गं राणी. माझीही सगळ्यांच्या मागून आली होती. अशीच घाबरले होते मी. हवं तर दोघी मिळून डॉक्टरबाईंना विचारून येऊ."

"मग आधी का नाही सांगितलंस, आई?"

"मला कुणी सांगितलं नव्हतं. परक्यांच्या पोरींशी बोलणं सोपं असतं. तुझ्यापुढे माझीच जीभ अडते बघ."

त्या दिवशी माप अर्धवटच राहिलं. लेकीनं मागे वळून आईला मिठी मारली आणि मी दोघींच्या मध्ये चेपले गेले. तेवढ्यापुरता माझा सगळा शीण गेला.

आता मी थकले आहे, मित्रांनो. नवी टेप येईल, मला टाकून देतील. हरकत नाही. तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझं एवढंच मागणं सांगा. मुलं रोज वाढतात, त्यांचं माप नजरेनं घेऊ नका. जवळ या, विचारा, आणि तेवढा वेळ टाचण्या उशीतच राहू द्या.