काकू पुढे, बाकी मागे

घोडदळाच्या त्या तुकडीत दफेदाराला सगळे मामा म्हणायचे आणि त्याच्या घोडीला काकू. मामाची घोडी काकू कशी, हे कोणी विचारू नये. रिसाल्यात नाती अशीच जुळतात. आणि काकू होतीच तशी. तोबऱ्याला उशीर झाला की पाय आपटणार, शेजारच्या तरण्या घोड्याने मान लांब केली की दात दाखवणार, आणि मामा तापाने पडला की दिवसभर दाराकडे तोंड करून उभी.

तुकडी समुद्रापार उतरली ती ऐन थंडीत. राहायला जुनी गोदामं मिळाली, खाली घोडे आणि वर माळ्यावर माणसं. सगळ्यांनी त्या जागेला यथेच्छ शिव्या घातल्या. मग घोड्यांची ऊब फळ्यांच्या फटीतून वर येते हे कळलं आणि शिव्या बंद झाल्या. पाण्याचं मात्र अवघड होतं. गल्ली उतरून नदीवर जायचं, तर घोडे त्या परक्या पाण्याला तोंड लावीनात. शेवटी काकू गुडघाभर पाण्यात शिरली आणि मनसोक्त प्याली. तेव्हा कुठे बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

तिथून खोड लागली. नियम असा, की प्रत्येक स्वाराने आपला घोडा स्वतः धरून पाण्यावर न्यायचा. पण त्या गारठ्यात हात बाहेर काढतो कोण! मामा काकूला मोकळी सोडायचा. ती गल्लीतून ठुमकत निघायची, मागे सगळी रांग, आणि सर्वांत शेवटी एकटा मामा, हात खिशात. बाकीचे स्वार शेगडीभोवती चहा पीत बसायचे. बेकरीवाली बाई दारात येऊन काकूला पावाचा तुकडा द्यायची. मागच्यांनी नुसतं बघायचं.

तुकडीच्या साहेबांनी हे पाहिलं आणि मामाची चांगली हजेरी घेतली. घोडे बिघडवून ठेवलेत, उद्या शत्रूवर जायचं तर आधी काकूची परवानगी काढायची का, असं बरंच काही बोलले. मामाने मान डोलावली. चार दिवस सगळे शहाण्यासारखे वागले, मग पुन्हा काकू पुढे.

शत्रू काही आला नाही. पूल राखायचा, रस्त्यावर गस्त घालायची, एवढंच काम. बर्फ वितळलं, कुरणात पोटापर्यंत गवत आलं, घोडे गुबगुबीत झाले. नालबंदाचं वजनही वाढलं, तो मात्र खिशातले खिळे जड आलेत म्हणायचा. मामाला वाटायचं, सुखाचं वर्ष म्हणतात ते हेच असावं.

पानं गळायला लागली आणि परतीचा हुकूम आला. माळ्यावर नुसता जल्लोष. पण हुकुमाला शेपूट होतं. वय झालेले घोडे जहाजावर घ्यायचे नाहीत, तिथेच विकायचे. जनावरांच्या डॉक्टरांनी एकेकाचे दात पाहिले आणि एकट्या काकूच्या पाठीवर खडूची फुली मारली. तिला वीटभट्टीवाल्याने घेतलं. असले हुकूम काढणाऱ्याने जन्मात कधी घोडीला खरारा केला असेल, तर शपथ.

मामाचं जेवणखाण सुटलं. तो साहेबांकडे गेला, हात जोडले. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वरचा हुकूम आहे, मामा." साहेबांनी त्याला मामा म्हटलं ते पहिल्यांदाच, आणि त्यावरूनच मामा समजला की आता काही होत नाही.

निघायच्या सकाळी वीटभट्टीवाला धक्क्यावरूनच तिला नेणार होता, म्हणून काकूला तिथल्या खांबाला बांधलं. जहाजाला रुंद लाकडी फळी लावली. पहिल्या घोड्याने पाय ठेवला, फळी पोकळ वाजली, घोडा मागे सरला. डोळ्यांना पट्टी बांधून झाली, दाणे दाखवून झाले, मागून खांदे लावून झाले. नालबंदाने लाथ खाल्ली. घोडे जागचे हलेनात. सगळ्यांच्या माना खांबाकडे वळलेल्या. जहाजवाला ओरडत होता की भरती आता ओसरेल.

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "सोडा तिला."

मामाने दोरी सोडली. काकूने फळी हुंगली, फुर्र केलं आणि नदीवर जावं तशी चालत वर गेली. मागे सगळी रांग मुकाट्याने. शेवटचा घोडा आत गेला, तेवढ्यात वीटभट्टीवाला दोरखंड घेऊन हजर झाला.

"आता तिला खाली आणा," साहेब म्हणाले.

"आणतो, साहेब," मामा म्हणाला. "पण तिकडे पोचल्यावर यांना उतरवायचं कोणी?"

साहेबांनी जहाजाकडे पाहिलं. ज्या खोडीसाठी मामाला झापलं होतं, ती त्यांच्यासमोर जहाजात ओळीने उभी होती. मग ते वीटभट्टीवाल्याकडे निघाले. त्याची समजूत मी घालतो, वर काय सांगायचं तेही मी बघतो, तुम्ही फळी ओढून घ्या, असं जाताजाता म्हणाले.

मामा धावतच फळीवरून जहाजात, खाली घोड्यांत गेला. एवढ्या गर्दीत काकू तेवढी दाराकडे तोंड करून उभी होती. त्याने तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि लाजलज्जा सोडून रडला.