मेणबत्ती कुणी धरली

“ऑक्सिजन बंद केलात ना, सावेताबाई? नाहीतर तुमच्या त्या मेणबत्तीपायी आपण सगळेच वर जायचो,” डॉक्टर प्रोदान दारातून म्हणाले आणि हात पुसत निघून गेले.

“केलाय हो, केलाय.”

तातडीच्या विभागात आता नर्स सावेता आणि खाटेवरचा तो माणूस, दोघंच उरले. बसथांब्यावर छातीत कळ आली म्हणून त्याला आणलं होतं. सोबत कुणी नव्हतं. खाटेवर घेताघेताच त्याचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी आणि तिनं आळीपाळीनं छाती दाबली, झटके दिले, दोघंही घामाघूम झाले. शेवटी डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुरे म्हटलं.

सावेताच्या खिशात मेणबत्तीचा तुकडा कायम असायचा. मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती हवी, नाहीतर तो पलीकडे अंधारात चाचपडत राहतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. भांडणात एखादीला फारच चेव आला की ती शेजारणीला ‘बिनमेणबत्तीची मरशील’ म्हणते, आणि मग त्या दोघी जन्मात बोलत नाहीत. मेणबत्ती धरायची ती घरच्यांनी. पण इस्पितळात घरचे वेळेवर पोचतात कुठे? मग सावेता धरायची, जरा उशिरा का होईना. तरुण डॉक्टर हसायचे. हसू देत. नवरा गेल्यापासून तिला घरी जायची घाई नसायची. खरं सांगायचं तर मेलेल्या माणसाशेजारी बसायची तेवढी स्वस्थ ती दिवसभरात दुसऱ्या कुणापाशी बसत नसे.

तिनं त्याची बोटं मेणबत्तीभोवती मिटली आणि वरून आपली मूठ धरली. “जा बाबा आता सावकाश,” ती म्हणाली. मेणाचा एक थेंब त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी पडला.

अंगठा आखडला.

सावेतानं चटक्यावर फुंकर मारली. मग मुद्दाम, देवाची क्षमा मागून, अजून एक गरम थेंब पाडला. हात मागे सरकला.

“डॉक्टर! अहो, हा हात ओढून घेतोय!”

“स्नायू असतात हो बाई, कधीकधी—”

“स्नायू गेले खड्ड्यात! नाडी बघा!”

डॉक्टरांनी परत येऊन गळ्याला बोटं लावली, आणि चर्चमध्ये बोलता येणार नाहीत असे दोन शब्द त्यांच्या तोंडून गेले. मग पुन्हा धावपळ, पुन्हा नळ्या. प्रयत्न थांबवल्यावर हृदय आपणहून सुरू होतं, असं क्वचित घडतं, पुस्तकात आहे, असं ते नंतर सगळ्यांना सांगत होते.

वाचलेली माणसं वरच्या मजल्यावर जातात आणि खाली आपली छाती कुणी दाबली हे त्यांना कधी कळत नाही. सावेताला त्याचं काही वाटत नसे. पण या माणसाला शुद्ध आल्याचं ऐकलं तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. काम संपवून ती वर गेली.

त्याचं नाव सिमिओन. लाकडाच्या वखारीत आयुष्य गेलेला. बरगड्या मोडल्यामुळे तो जपून श्वास घेत होता आणि आपला हात डोळ्यांसमोर धरून बसला होता.

“सिस्टर, हा मेणाचा चटका ना?” घसा बसलेला होता. “कोरिना आली होती?”

“कोरिना कोण?”

“माझी लेक. इटलीत असते, तिथल्या एका म्हातारीला सांभाळते. मेणबत्ती घरच्याशिवाय कोण धरणार? म्हणजे आली होती. म्हणजे तिनं मला माफ केलं.”

सावेता त्याचं पांघरूण सारखं करू लागली. तिच्या गप्प बसण्याचा त्यानं हवा तो अर्थ घेतला आणि डोळे पुसले. मग एकेक श्वास घेत सांगितलं. बायको घरीच गेली, हातात मेणबत्ती नसताना. तो लाकडं आणायला गेला होता. कोरिना इटलीहून पोचली ती पुरायच्या दिवशी, आणि कबरीपाशी सगळ्या गावासमोर तो तिला म्हणाला, तुझी आई अंधारात गेली ती तुझ्यामुळे. त्यानंतर लेकीनं या गावात पाऊल टाकलं नाही.

“माझा फोन त्या पिशवीत आहे. लावून द्या ना. एवढंच म्हणतो की, आलीस, बरं वाटलं.”

“बॅटरी गेलीय. चार्ज करून आणते,” सावेता म्हणाली. बॅटरी चांगली भरलेली होती. बाहेर जिन्यात उभं राहून तिनंच नंबर लावला आणि सिमिओनच्या फोनवरून बोलतेय म्हणून सांगितलं.

“मेला का?” पलीकडून बाईचा आवाज आला.

“नाही हो. मी इस्पितळातून बोलतेय. वाचलेत ते. फक्त त्यांना वाटतंय की तुम्ही येऊन मेणबत्ती धरलीत. विचारलं तर हो म्हणाल का? म्हाताऱ्याचा जीव—”

“तुम्ही कोण त्यांच्या?”

“कुणी नाही.”

“मग ऐका. एका मेणबत्तीपायी त्यांनी मला गावातून उठवलं. आता न धरलेल्या मेणबत्तीसाठी मी घरात परत येऊ? वाचलेत ना? वाचू देत.” फोन बंद झाला.

सावेता परत खोलीकडे निघाली. खोटं रेटून न्यावं असं मनात आलं. पण तो फोन लावणार आणि हेच ऐकणार. त्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं.

“मेणबत्ती मी धरली होती,” खोलीत येऊन ती म्हणाली. “डॉक्टर गेले होते. तुमचं कुणी नव्हतं.”

सिमिओननं हात पांघरुणाखाली घेतला. त्याचा चेहरा पाहवेना. आपण या माणसाला जिवंत केलं की मारलं, हेच सावेताला कळेना. ती वळली.

“बसा ना थोडं,” तो म्हणाला.

ती बसली.

“किती वेळ बसला होतात तेव्हा?”

“पाच-दहा मिनिटं असेल.”

“परक्या माणसापाशी.” तो छताकडे बघत राहिला. “मी लाकडं आणायला नव्हतो गेलो, सिस्टर. लाकडं होती घरात. बायकोचं कण्हणं ऐकवेना म्हणून गुत्त्यावर जाऊन बसलो. तिनं दोनदा हाक मारली, मी दार ओढून घेतलं. आणि बोल लावला पोरीला.”

सावेताला त्याचा राग आला होता, आणि तरी उठून जावंसं वाटत नव्हतं.

“लावा फोन,” तो म्हणाला.

“ती नीट बोलणार नाही. मी आत्ताच बोललेय तिच्याशी.”

“तिनं बोलायची गरजच नाही. मला बोलायचंय.”

तिनं नंबर लावून फोन त्याच्या कानाला धरला, कारण त्यानं हात पांघरुणाबाहेर काढलाच नाही. घंटा वाजत राहिली. बंदच होणार असं वाटत असताना कुणीतरी उचलला. कुणी बोललं नाही. मागे भांड्यांचा आवाज येत होता, एक म्हातारी इटालियनमध्ये काहीतरी मागत होती.

“कोरिना,” सिमिओन म्हणाला, “त्या दिवशी घरात लाकडं होती.”

आणि तो सांगत गेला, थांबत, दम घेत. तिकडून उत्तर आलं नाही. फोन ठेवलाही गेला नाही.