पटावरची आई

हाफिजाबी मणेर गेल्या त्याला महिना होत आला होता. मिरजेला दिलेली त्यांची एकुलती लेक रशिदा चाळिसाव्यापर्यंत कोल्हापुरात राहणार होती. मग भाड्याच्या घराची किल्ली मालकाच्या हातात ठेवायची आणि परत फिरायचं, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

घरात एक रीत होती. माणूस गेलं की चाळीस दिवस त्याच्या नावाचं ताट तिन्हीसांजेला दारात वाढायचं, आणि जेवायला येईल त्याला नाव-गाव विचारायचं नाही. विचारलं की ते दान राहत नाही, चौकशी होते, असं हाफिजाबी म्हणत. ताटाला रोज एकच पोरगी यायची, आठ-नऊ वर्षांची. खाली मान घालून जेवायची, ताट घासून पालथं घालायची आणि निघून जायची. रशिदानं तिला एका शब्दानं काही विचारलं नव्हतं.

एका दुपारी जवळच्या शाळेचे हेडमास्तर जोतीराम गुरुजी भेटायला आले. "तुमच्या आई शाळंच्या पायरीवर बांगड्यांची टोपली टेकून घटकाभर बसायच्या," म्हणाले. "पायरी मोकळी दिसती आता." चहा झाला. मग जरा अवघडून त्यांनी विचारलं, "पोरीचं काय ठरवलंय?"

"कुठल्या पोरीचं?"

"तुमच्या पोरीचं. मेहरुन्निसाचं. मिरजेला नेणार असाल तर दाखला देतो. पण इथंच ठेवणार असाल तर उद्या शाळंत यावं लागंल. दुकानदार आकाराम तक्रार घेऊन बसलाय. म्हणतोय, ही पोरगी गुळाच्या वखारीच्या छपरात झोपती. पटावरचा हाफिजाबीच्या घरचा पत्ता खोटा, आजी खोटी, आन आई तर आजवर कुणी बघिटलीच न्हाय."

रशिदाच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता. त्यावर हाफिजाबींनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. ना ताईत पाठवला, ना नवस बोलल्या. आणि त्याच आईनं शाळेत जाऊन तिच्या पदरी मुलगी घातली होती?

"उद्या येते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी पोरगी जेवायला बसली आणि रशिदानं घरची रीत मोडली.

"नाव काय गं तुझं?"

पोरगी ताडकन उभी राहिली. हजेरी द्यावी तशी म्हणाली, "मेहरुन्निसा दिलावर अत्तार."

दिलावर अत्तार हा रशिदाचा नवरा.

"आईचं नाव?"

"रशिदा. मिरजंला असती. लई शिकल्याली हाय. सुट्टीत भेटाया येती."

"येते?"

पोरगीनं इकडंतिकडं बघितलं. "न्हाय येत. पण तसं सांगायचं."

मग ती खाली बसून निवांत जेवू लागली. रशिदा भिंतीला टेकून उभी राहिली. समोरच्या पोरीला आपण कोण हे ठाऊक नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत आकाराम आधीच खुर्ची अडवून बसला होता. दाराबाहेर एक वाळकी बाई उभी होती, लुगड्यावर गुळाचे डाग. मेहरूची खरी आई जुलेखा. नवरा गावाकडच्या दुष्काळात गेला, तेव्हा ती पोरीला घेऊन जतकडून इकडं आली होती आणि वखारीत गुळाच्या भेल्या भरायला जात होती.

"चूक माझीबी हाय," गुरुजी रशिदाला म्हणाले. "ही बाई पोरीला घेऊन आली तवा मीच परत धाडली. घर न्हाय, दार न्हाय. उद्या उठून दुसऱ्या गावाला गेली तर पटावर काय राहायचं? दुसऱ्या दिवशी हाफिजाबी आल्या. टोपली खाली ठेवली आन म्हणाल्या, लिवा, माझ्या रशिदाची हाय."

विकलेली बांगडी पिचकी निघाली तर उन्हातून परत जाऊन बदलून देणारी बाई! ती इतकं सरळ तोंडानं खोटं बोलली होती.

"आत या की," रशिदा जुलेखाला म्हणाली.

"नगं. हाफिजाखालानं सांगिटलंय, शाळंत तू हिची कोन न्हाईस. दोन वर्सं मी फाटकाच्या आत पाय टाकला न्हाय. पोरगी रस्त्यात मैतरणींसंगं दिसली तर त्वांड फिरवती मी."

आकाराम खाकरून म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे हो. बाई, पोरगी तुमची हाय का न्हाय? एका शब्दात सांगा."

एक शब्द पुरला असता. तो रशिदाच्या ओठांवर आला, आणि तो इतका गोड लागला की तीच घाबरली.

"माझी नाही. जुलेखाची आहे."

"बघा! म्हटलं नव्हतं? काटा नाव!"

"पण पत्ता खरा आहे. मी घर सोडत नाही. आजपासून या दोघी तिथं राहतील."

"आजपासनं व्हय? मग कालचं काय?"

"कालचं हाफिजाबीला इचारून ये," गुरुजी म्हणाले. "जातोस? पोचवायला आम्ही समदी येतो."

आकाराम उठला आणि पुटपुटत बाहेर पडला.

गुरुजींनी जुनं नाव काटलं. नवीन घालायचं तर पोरीच्या तोंडून ऐकायचं, असा त्यांचा शिरस्ता. मेहरूला वर्गातून बोलावलं.

"नाव?"

"मेहरुन्निसा."

"आईचं नाव?"

"र..." पोरगी थांबली. खोलीतल्या रशिदाकडं तिनं बघितलं, मग दाराबाहेरच्या बाईकडं. "सांगू?" तिनं जुलेखालाच विचारलं.

जुलेखानं मान डोलावली.

"जुलेखा," पोरगी चोरी सांगावी तसं हळू बोलली.

"मोठ्यानं सांग की!"

"जुलेखा! ही बघा, हीच हाय!"

जुलेखा उंबरा ओलांडून आत आली. गुरुजी लिहू लागले. रशिदानं पदर सावरला आणि खिडकीकडं तोंड केलं. काल दुपारपासून आत्तापर्यंत ती एका मुलीची आई होती. आणि हे इथं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.