जाळी वर की खाली

उंची बेताची म्हणून घरीदारी सगळे तिला मुंगीच म्हणत. शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची निवड शुक्रवारी होती आणि मंगळवारपासून मुंगीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. चेंडू तिला उत्तम घेता यायचा. इमारतीच्या मागच्या भिंतीशी खेळून खेळून हात तयार झाले होते. पण भिंतीशी एकटीनंच खेळायचं असतं, आणि इथे सहा जणींत उभं राहायचं होतं. खेळाच्या बाईंनी तर सांगूनच टाकलं होतं, "समोरून सर्व्हिस येताना आपण कुठे उभं राहायचं हे ज्यांना कळत नाही, त्यांनी शुक्रवारी यायची तसदी घेऊ नये."

बाईंनी फळ्यावर सहा जागांचं, एक ते सहा आकडे घातलेलं चित्र काढलं होतं. मुंगीने ते घाईघाईत वहीत उतरवलं आणि दोन दिवस पाढ्यासारखं घोकलं.

खरं तर विचारायला घरातच माणूस होतं. दोन वर्षांपूर्वी ताई याच संघाची सेटर, म्हणजे मारणारीला चेंडू उचलून देणारी, होती आणि कप्तानही. मग गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली आणि खेळ संपला. आता ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. "तिच्यासमोर तो विषय काढू नकोस," असं आईने बजावलं होतं. म्हणून ती वही भूगोलाच्या पुस्तकाखाली दडवलेली असायची.

गुरुवारी संध्याकाळी ताई पेन शोधायला आली आणि नेमकी तीच वही तिच्या हाती लागली. मुंगी वही घ्यायला पुढे झाली.

"हे काय?"

"काही नाही. असंच."

ताईने वही उलटी धरून पाहिली, परत सुलटी केली. "जाळी कुठेय यात?"

"खाली."

"खाली? म्हणजे एक नंबर जाळीपाशी? अगं, एक नंबरवाली सर्व्हिस करते. ती काय जाळीला नाक लावून करणार?"

मुंगीने वही ओढून घेतली. बाईंनी जाळीची रेघ वर मारली होती, आणि उतरवताना तिने नेमकी तीच गाळली होती. पुढच्या मागे, डाव्या उजवीकडे. दोन दिवस सगळं उलटं घोकून झालं होतं. तिने वही मिटली. "मी जातच नाही उद्या."

ताई गॅलरीत गेली. बाबा फरश्या बसवायचं काम करत, त्यातले उरलेले तुकडे तिथे रचून ठेवलेले असत. ताईने पाच उचलले. "खाली चल. उजेड आहे तोवर."

मागच्या मोकळ्या जागेत तिने खडूने जाळी आखली आणि पाच तुकडे मांडले. सहावी मुंगी.

"आकडे सोड, शेजारी लक्षात ठेव. तुझ्या पुढे कोण, मागे कोण, बाजूला कोण. समोरचीचा हात चेंडूला लागेपर्यंत त्यांना ओलांडायचं नाही. हात लागला की तू मोकळी. कुठेही पळ."

"आणि ओलांडलं तर?"

"गुण त्यांना. फुकटात."

सर्व्हिस आपल्याकडे आली की सगळ्यांनी एकेक घर सरकायचं; तसं सरकत मुंगी सगळीकडे उभी राहिली. चुकली. पुन्हा चुकली. शेवटी ताईने एक तुकडा बाजूला सारला आणि त्या जागी स्वतः उभी राहिली. "मी सेटर. तू पुढे डावीकडे, मी तुझ्या मागे. टाळी म्हणजे समोरची सर्व्हिस. ती वाजली की मी जाळीकडे पळणार." तिने टाळी वाजवली, चार पावलं पळाली आणि भिंतीला धरून थांबली.

"दुखतंय?"

"दुखतंय. पुढची जागा सांग."

शुक्रवारी मैदानावर बाईंनी मुलींचे दोन संघ पाडले. मुंगीला त्यांनी मागे डावीकडे उभं केलं. पहिलीच सर्व्हिस तिच्या खांद्याला लागून बाहेर गेली आणि कुणीतरी फिसकन हसलं. दुसरी तिने नीट उचलली, गुण मिळाला, सगळ्या एकेक घर सरकल्या. पण त्यांची सर्व्हिस जाळीतच अडकली आणि चेंडू पुन्हा समोर गेला. आता मुंगी पुढे, डावीकडे. तिच्या मागे सेटर: दहावीतली, कप्तान, मुंगीपेक्षा हातभर उंच. पळायच्या घाईत तिचा पाय केव्हाच मुंगीच्या पुढे आला होता.

समोरची चेंडू आपटत होती. कप्तानला कसं सांगायचं? आपलंच चुकत असलं तर? मुंगीने मान वळवून पाहिलं. माझ्या मागे ती. मागेच हवी.

"मागे हो!" आवाज चिरकला. "तू माझ्या मागे!"

कप्तानने डोळे वटारले, पण पाऊल मागे घेतलं. सर्व्हिस झाली, चेंडू उचलला गेला, आणि बाईंची शिट्टी वाजली.

"कोण ओरडलं मघाशी?"

"मी," मुंगी म्हणाली.

"का?"

"ती पुढे येत होती. फाऊल झाला असता."

बाईंनी कप्तानकडे पाहिलं. ती खाली बघत होती. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "चला, खेळा."

यादी सोमवारी लागली. बारा नावं होती आणि मुंगीचं अकरावं, राखीव खेळाडूंत. तिने ते तीनदा वाचलं. मागून कप्तान म्हणाली, "ए, सरावाला वेळेवर ये. आणि ओरडायचं असेल तर जरा आधी ओरड."

ताईचा गुडघा अजून सुजलेला होता. बातमी ऐकून ती बर्फाची पिशवी तशीच गुडघ्यावर धरून म्हणाली, "पहिला सामना कधी?"

"शनिवारी," मुंगी म्हणाली. ताटातली पोळी तिने जेमतेम अर्धी संपवली आणि बाजूला सारली.