नत्थूजींचं जठर

मी नत्थूजींचं जठर बोलतोय. आजवर मला कुणी पाहिलं नव्हतं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि लगेच शिवून टाकलं.

नत्थूजी नागपुरात, गोळीबार चौकाजवळच्या एका सावजी भोजनालयात आचारी. रस्सा उतरवण्याआधी तळहातावर घेऊन चाखायचा, मसाला कमी वाटला की टाकून पुन्हा चाखायचा. दुसऱ्या कुणाच्या जिभेवर त्यांचा भरवसा नव्हता. तो जाळ सकाळी उपाशीपोटी माझ्यावर पडायचा, त्यात माझं स्वतःचं आम्ल. मला व्रण पडला, तेव्हा मी दुखू लागलो. दुसरं काही बोलता येत नाही मला.

त्र्याऐंशी साली डॉक्टरांनी आम्ल कमी करणाऱ्या नव्या गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं तरी परत या, नळी टाकून आत पाहायचंय, असं बजावलं. खोटं कशाला बोलू, गोळी गुणाची होती. आम्ल आटलं, आग विझली. पण मटण माझ्यात रेंगाळू लागलं, आणि एरवी मी मारून टाकायचो ते जंतू बिनदिक्कत पुढे आतड्यात जाऊ लागले.

नत्थूजी खूश होते. आधी गोळी, मग चाखणं, असा नेमच पडला. सदर भागातल्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळत.

एकदा त्यांच्या बायकोनं, जिजाबाईंनी विचारलं, "डॉक्टरनं परत बोलावलं होतं नं तुमाले?"

"काहून जाऊ वं? दुखून तं नाही राहिलं."

व्रणाच्या काठाला गाठ धरत होती. मी दुखून सांगू लागलो, की लगेच वरून गोळी यायची. भूक गेली, सदरा अंगावर लोंबू लागला. भट्टीपुढं उभ्या माणसाचं असंच असतं, म्हणाले. काळी उलटी झाली तेव्हा कुठे दवाखाना गाठला. तोवर गाठ सगळीकडे पसरली होती.

गोळीवर माझा राग नाही. तिनं मला खरंच आराम दिला. पण मी गप्प झालो म्हणजे बरा झालो, असं नत्थूजी धरून चालले याचं फार वाईट वाटतं. तुमचं जठर दुखलं तर गोळी जरूर घ्या, पण त्याला काय झालंय तेही पाहून घ्या.

नत्थूजींना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. आज सुई दिल्यावर जिजाबाई त्यांना पेज भरवत होत्या.

"पाह्य वं, काहीच दुखून नाही राहिलं," ते म्हणाले. "ऑपरेशननं बरं केलं मले."

जिजाबाई "हव" म्हणाल्या आणि दुसरा चमचा पुढे केला. त्या समोर बसल्या होत्या तोवर ती पेज मी कशीबशी धरून ठेवली.